शिट्टी काढलेला कुकर

मृग लागून गेला तरी आभाळ घासून पालथ्या घातलेल्या ताटासारखं लख्ख आहे. सकाळपासून मी ओव्हनपुढे उभी आहे. कधी कंबर ओट्याला टेकवून, कधी एक पाय पाटावर ठेवून, जसं जमेल तसं. आज दोन केक द्यायचे आहेत. एकावर शिंगवाला पांढरा घोडा हवा आहे, दुसऱ्यावर निवृत्त होणाऱ्या कुठल्याशा साहेबांचा फोटो. साहेबांच्या तोंडावरून सुरी फिरवताना लोकांना काही वाटत नाही का, हे विचारायचं मी हल्ली सोडून दिलं आहे.

ओव्हनचं बटण फिरवलं की धग येते, वेळ संपली की घंटी वाजते. काही हुंगावं लागत नाही, कशाच्या जवळ बसावं लागत नाही. सोय म्हणतात ती हीच. पण या सोयीने माझा शीण कमी झाला असं कोणी म्हणत असेल, तर त्याने एक दिवस माझ्या ओट्याशी उभं राहून बघावं. डॉक्टर म्हणतात मुतखडा झालाय, भरपूर पाणी प्या. पुंडलिकनगरातल्या बाईला हा सल्ला देताना त्यांनी निदान नळाचा वार तरी विचारायचा होता. परवा पाणी येणार होतं, ते काही आलं नाही. आता टँकरची वाट बघते आहे. गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला की बायका अजूनही गॅलरीत येतात. पूर्वी हातात हंडे असायचे, आता त्या मोटारीच्या बटणाकडे धावतात. एवढाच फरक.

असा कोरडा जून आला की मला तो कुकर आठवतो. रिंग काढलेला, शिट्टी काढलेला, पोटात पाण्याऐवजी वाळू घेऊन गॅसवर बसलेला.

तो दुष्काळाचा सलग दुसरा उन्हाळा होता. गावं ओस पडत होती आणि शहर मात्र फुगत चाललं होतं. मी लग्न होऊन आले तेव्हा आमच्या गल्लीपलीकडे ज्वारीची रानं होती. त्या उन्हाळ्यात तिथे एकदम चार-पाच इमारती उठत होत्या. आमच्या हंड्यात पाणी नाही आणि नव्या स्लॅबवर पाणी मारायला टँकर येतायत, हे बघून हे रोज चिडायचे. हे म्हणजे माझे यजमान, वाळूजला कंपनीत होते. चिडून झाल्यावर तेच बादली घेऊन त्या टँकरच्या गळक्या नळाखाली जाऊन उभे राहायचे. धूळ इतकी, की कपाटातल्या घडीच्या साडीलाही सिमेंटचा वास यायचा.

आणि अशात आमच्या पल्लवीला केक हवा होता. ती तेव्हा तिसरीत होती. मैत्रिणीच्या वाढदिवसाला जाऊन आली आणि केकचंच खूळ डोक्यात घेऊन बसली. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. भट्टी नाही, बीटर नाही, साचा नाही. पण आई झालेल्या बाईला ‘नाही’ हा शब्द दोनदाच म्हणता येतो, तिसऱ्यांदा ती कुकर खाली काढते. कुणाकडून तरी ऐकलं होतं, की कुकरात वाळू घालून केक होतो. समोरच्या बांधकामावर वाळूचा ढीग पडलाच होता. मुकादमाला विचारून पाटीभर आणली, पिठाच्या जुन्या चाळणीने चाळली. धुवायला पाणी कुठून आणणार? मग गच्चीवर फडकं अंथरून वाळूला ऊन दाखवलं. त्या उन्हात जंतू काय, माणूसही टिकत नव्हता.

कुकरच्या तळाशी वाळू, वाळूवर पालथी वाटी, वाटीवर भाताचा जर्मनचा डबा. त्याला डालडा लावून वर मैदा भुरभुरायचा. तळाला घालायला पल्लवीच्या जुन्या वहीचं तूप चोपडलेलं पान. पहिल्या केकच्या बुडावर तिचा सातचा पाढा उमटला होता, तो तिने आनंदाने चाटून खाल्ला. वीज असली तर साखर मिक्सरमध्ये, नसली तर पाट्यावर. पीठ फेटायला ताकाची रवी. भाजलं की नाही ते बघायला स्वेटरची सुई. गार करायला पालथी चाळणी. पुढे हौस वाढली तेव्हा दुधाच्या रिकाम्या पिशवीचा कोपरा कापून त्यातून साईची फुलं काढली आणि कडा पल्लवीच्या फूटपट्टीने सपाट केली. आज माझ्याकडे या प्रत्येक कामाचं वेगळं हत्यार आहे, नाव असलेलं, डब्यात घालून आलेलं. ते सगळं पुसून जागेवर ठेवायचा मला कंटाळा येतो.

खरं काम नाकाचं होतं. वाळू तापायला लागली की आधी धुळीचा वास यायचा, मग तव्याचा, मग काही वेळ कसलाच नाही. तो वास थांबला की वाळू तयार झाली. मग डबा आत ठेवून, झाकण नुसतं टेकवून, आच बारीक करून बसून राहायचं. शिट्टी नाही, वाफ नाही. एरवी माझ्या घरात सतत काही ना काही ओरडत असे. तेवढा वेळ कुकर गप्प बसायचा आणि मीही त्याच्याजवळ गप्प बसायचे.

त्याच उन्हाळ्यात मी आबांना घरी आणलं होतं. आबा म्हणजे माझे वडील. पाचोडच्या अलीकडे आमचं लहान गाव, आणि आबांनी सगळा जन्म मेंढरांमागे काढला. आई वारली होती. भाऊ आणि वहिनी पोरांना घेऊन पुण्याकडे कामाला गेले. चारा संपला, विहीर संपली, तेव्हा आबांनी कळप पाचोडच्या बाजारात नेऊन विकला. गावातले लोक सांगत होते, की निघण्याआधी त्यांनी कुठून तरी पाणी मागून आणलं आणि सगळ्यांना पाजलं, शेवटपर्यंत शीळ घालून.

मेंढरं पाणी पीत असताना आबांनी घातलेली ती शीळ माझ्या लहानपणाचा आवाज आहे. हलकी, एकसारखी, वर न चढणारी. धन्याने शीळ घातली की जनावर न बुजता पोटभर पितं, असं आमच्याकडे म्हणतात. संध्याकाळी रानातून आले की आई तांब्या घेऊन दारात उभी असायची. ते तिच्याकडे न बघता आधी दगडी कुंडीकडे जायचे. शीळ ऐकू यायची, मग थांबायची, मग ते येऊन तांब्या घ्यायचे. बाजाराच्या दिवसानंतर ती शीळ कोणी ऐकली नव्हती.

माझ्याकडे आले तेव्हाच ते निम्मे झाले होते आणि इथे येऊन आणखी वाळत गेले. भिंतीकडच्या खाटेवर बसून राहायचे. समोर भाकरी ठेवली की चतकोर मोडून बाकीची माघारी. वरणभात दिला की दोन घास. “पोट भरलं, माय,” म्हणायचे. दुपारी दार उघडं असलं की उठत असलेल्या इमारतींकडे बघत बसायचे. हे म्हणायचे, त्यांना करमत नाही, मेंढरांचा घोर लागलाय, पाऊस पडला की ठीक होईल. सगळेच असं म्हणायचे. मलाही तेच वाटत होतं, फक्त ते पावसापर्यंत टिकतील असं वाटत नव्हतं. रोज ताट उचलताना त्यातली उरलेली भाकरी मी नजरेने मोजायचे. आईला मरताना मी बघितलं नव्हतं. आता आबा माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याच घरात, भरल्या ताटापुढे चालले होते आणि मी त्यांना धरू शकत नव्हते.

एकदाच जरा उजळले ते वाळू बघून. गच्चीवरून मी फडकं खाली आणलं तेव्हा त्यांनी चिमूटभर घेऊन बोटांत चोळली.

“ही गंगंची हाय,” म्हणाले. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. “पैठणाखालची. हिच्यावर मेंढरं बसवलीत म्या.”

“बांधकामावरची आहे, आबा.”

“आसंल. नदीबी शहरालाच आली म्हनायची.” मग वाळू परत फडक्यावर टाकून, हात झटकून पुन्हा भिंतीकडे.

आमच्या समोर साळवे वहिनी राहायच्या. दवाखान्यात नर्स होत्या, ड्युटी करून आल्या तरी जिना दोन पायऱ्यांनी चढणाऱ्या. पल्लवीने त्यांना केक चाखवला आणि त्यांनी लगेच फर्मान काढलं, “ताई, जयंतीला गल्लीतल्या लेकरांसाठी केक तुमीच करायचा. बेकरीचा लई गोड आसतो.” चौदा एप्रिलचा तो केक म्हणजे माझं पहिलं बाहेरचं काम. गल्लीच्या वर्गणीतून अंडी, लोणी, निळा रंग आणून ठेवला होता. सकाळीच पीठ फेटून डबा कुकरात ठेवला, आच बारीक केली आणि टँकरचा हॉर्न वाजला म्हणून हंडे घेऊन खाली पळाले.

वर आले तेव्हा घरभर वाफ होती. ओट्यापाशी आबा उभे, हातात रिकामा तांब्या, कुकरचं झाकण जमिनीवर. तापल्या वाळूवर पाणी पडून आतून अजून चुर्र आवाज येत होता. अर्धा भाजलेला केक मध्ये खचून बसला होता आणि त्यावर वाळूचे शिंतोडे उडाले होते. आबांच्या बोटांना वाफ लागून ती लाल झाली होती.

“कुकरात पानीच नव्हतं, माय,” ते म्हणाले. “शिट्टी व्हईना. वास आला जळल्यावानी. म्या म्हन्लं, तू पानी टाकायची इसरली. गावाकडं तुज्या वहिनीचा एक कुकर आसाच गेला व्हता. नवा व्हता.”

मी हंडा खाली ठेवला. इतका राग आला होता की रडूच आलं. जयंतीचा केक, लोकांची अंडी, लोकांचं लोणी. ओरडणार तेवढ्यात माझं लक्ष त्यांच्या हातातल्या तांब्याकडे गेलं. घरात सकाळपासून पाण्याचा टिपूस नव्हता. म्हणून तर मी हंडे घेऊन पळाले होते.

“पाणी कुठलं घेतलंत, आबा?”

“माजंच व्हतं.”

“तुमचं म्हणजे?”

त्यांनी खाटेखाली बोट दाखवलं. तिथे आणखी एक तांब्या होता, वर फुलपात्र झाकून ठेवलेला, काठोकाठ भरलेला. मी रोज सकाळ-संध्याकाळ त्यांच्या उशाशी तांब्या भरून ठेवत होते. आता कळलं, ते घोटभर घेऊन बाकीचं राखून ठेवत होते आणि मी पाठ फिरवली की माझ्याच हंड्यात परत ओतत होते.

नेमक्या त्याच वेळी साळवे वहिनी दारात आल्या. निळ्या काठाची पांढरी साडी, केसांत गजरा. केककडे त्यांनी एकदाच बघितलं. आधी आबांचा हात धरला, भाजलेली बोटं बघितली, आणि मग हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली, फडक्याच्या चुणीसारखी.

“ताई, आजोबांच्या अंगात पानी नाय,” वहिनी म्हणाल्या. “हे जेवत नायत ना? जेवतील कसं? आजोबा, पानी का पीत नाय तुमी?”

आबांनी हात सोडवून घेतला. मग खाटेच्या काठावर बसत म्हणाले, “भाकर खाल्ली की पानी लागतंय. घरात लेकरू हाय, जावई उन्हाचं कामाला जातेत. ह्ये समदे पोटभर प्याले का नाय, मला काय ठावं? ती दिसभर हंडे वढती. जित्राबं प्याल्याबिगर धन्यानं पिऊ नये. म्या कधी प्यालो नाय.”

माझ्या अंगातला राग कुठे गेला कळलं नाही. घोर नव्हता तो. रुसवाही नव्हता. कळप विकून झाला होता, तरी हा माणूस माझ्या दोन खोल्यांत कुंडीशी उभा होता, आमचं सगळ्यांचं पिऊन व्हायची वाट बघत. आणि दुष्काळात कोणाचं पिऊन पुरं होतं?

साळवे वहिनींनी कमरेवर हात ठेवले. “आजोबा, आमच्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या सगळ्यात शेवटी पानी मिळालं. तेबी कुनी वरून वाढलं तर. आज जयंती हाय. आन् तुमी आपल्या मनानं शेवटी जाऊन हुभं ऱ्हाता व्हय?”

आबांनी मान खाली घातली. हसले की काय ते मला नीट दिसलं नाही. पण तांब्याला हात लावायला तयार नव्हते. वहिनींनी सांगितलं, मी सांगितलं, रात्रपाळी करून झोपलेले हे पांघरूण झटकत उठून आले, त्यांनीही सांगितलं. आबा आपले, “घेतो, घेतो. ठिव तितं.” धनगराचा हट्ट, मेंढरू वळेल पण धनी वळणार नाही.

मग आतल्या खोलीतून पल्लवी उठून आली. तिने स्वतःचा पेला आणलेल्या हंड्यात बुडवला, आबांच्या पुढे उभी राहिली आणि घटाघटा पिऊन पेला उलटा करून दाखवला.

“आबा, मी प्याले. बघा. आता आई.”

मी प्याले. मग हे प्याले. साळवे वहिनींनाही तिने सोडलं नाही. आम्ही चौघं खाटेपुढे ओळीने उभे, मोकळे पेले हातात घेऊन, आणि आबा एकेकाच्या तोंडाकडे बघत पुढे सरकतायत. ती नजर मी ओळखत होते. कुंडीवर ते तशीच फिरवायचे, एकही मागे राहायला नको म्हणून.

“समदे झाले?” त्यांनी विचारलं.

“सगळे झाले,” पल्लवी म्हणाली. “आम्ही तुमची मेंढरंच आहोत ना? आता तुम्ही.”

आबांनी तांब्या उचलला, तोंडापासून वर धरला आणि न थांबता सगळा रिकामा केला. गळ्याची घाटी वर-खाली होताना मी बघत होते. केकचा वाळू न लागलेला खालचा भाग मी काढला, दुधात कुस्करला आणि त्यांच्यापुढे ठेवला. बोटांनी चाटून पुसून खाल्ला त्यांनी. म्हणाले, “कुकर जळला आसता तर ह्ये बी गेलं आसतं.” आपण पाणी ओतल्याने केक वाचला, अशीच त्यांची शेवटपर्यंत समजूत होती आणि ती कोणी मोडली नाही.

दुपारी वाळू गच्चीवर सुकवून मी दुसरा केक लावला. आबा पाट घेऊन कुकरपाशी राखण करत बसले, कोणी पाणी ओतू नये म्हणून.

त्या दिवसापासून आमच्या घरात रोज सकाळी तो कार्यक्रम सुरू झाला. दात घासून झाले की खाटेपुढे ओळ. हे कंपनीच्या कपड्यांत, पल्लवी अर्ध्या वेणीत, मी पिठाच्या हातांनी. बाहेरच्या माणसाने बघितलं असतं तर म्हटलं असतं, दुष्काळाने यांची डोकी फिरली. आम्ही प्यायचो, आबा नजर फिरवायचे, मग ते प्यायचे. मग भाकरी मागायचे. पाणी वाढलं नव्हतं. तेच हंडे होते, तोच टँकर. आणि एका सकाळी, पल्लवी पेला तोंडाला लावून उभी असताना, मला ती ऐकू आली. हलकी, एकसारखी, वर न चढणारी. मी वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर ते थांबले असते. पल्लवीने तो पेला इतक्या सावकाश संपवला की तिची शाळेची रिक्षा निघून गेली.

पाऊस उशिरा आला, पण आला. आबा गावाकडे गेले. मेंढरं पुन्हा घेतली नाहीत, दोन शेळ्या घेतल्या. पुढे बरेच पावसाळे त्यांनी बघितले आणि एका भरल्या श्रावणात ते गेले, विहीर काठाशी आली होती तेव्हा.

मग ओव्हन आला. ऑर्डरी आल्या. साळवे वहिनी बदली होऊन गेल्या. समोरच्या इमारती भरल्या, त्यांच्या पलीकडे नव्या झाल्या, पाट्यांवर शहराचं नाव बदललं, नळाचा वार मात्र अजून तसाच सरकत असतो. तो कुकर माळ्यावर आहे. आत वाळू तशीच आहे. मोडीत काढ म्हणून हे दरवेळी सांगतात, पण हात होत नाही. कधीकधी वाटतं, आताचे केक जास्त चांगले होतात, पण मी कुठल्याच केकजवळ बसत नाही. घंटी वाजली की काढते, पुढचा आत सारते. सकाळी घेतलेला चहा सोडला तर आज दुपारपर्यंत माझ्या पोटात काही गेलेलं नाही. भूक नाही असं मी म्हणते. शीण आहे असं म्हणते. टँकर येईपर्यंत हंड्यातलं पाणी ह्यांना आणि क्रीमची भांडी धुवायला पुरायला हवं, हे मनातल्या मनात म्हणते.

घोड्याचं शिंग लावत असताना पल्लवीचा फोन आला. ती आता पुण्यात नोकरी करते. फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला. स्क्रीनवर तिने माझ्याकडे जरा वेळ नुसतं बघितलं.

“आई, ओठ बघ तुझे. पाणी प्यालीस का?”

“घेते गं. टँकर येऊ दे.”

तिने फोन तिकडे टेकवून ठेवला. उठून गेली, पाण्याचा पेला घेऊन आली, माझ्यासमोर तो सगळा प्याली आणि उलटा करून दाखवला.

“बाबा प्याले?”

“प्याले असतील.”

“बाबा!” ती फोनमधून एवढ्या मोठ्याने ओरडली की बाहेर पेपर वाचत बसलेले हे उठून आत आले. काय ते त्यांच्या लगेच लक्षात आलं. त्यांनी हंड्यातून पेला भरला, प्याले, उलटा केला आणि दुसरा भरून माझ्यापुढे धरला.

“समदे झाले,” पल्लवी म्हणाली. मग तिने ओठांचा चंबू केला. तिला शीळ कधी जमली नाही, नुसती हवा येते. ती तशीच फुंकत राहिली, मी पेला रिकामा करेपर्यंत.